दारापासून कड्यापर्यंत

२ मार्च, सोमवार

पत्र आलं तेव्हा मी एक बूट काढून बसले होते. दुसरा काढायला अजून बळ यायचं होतं, म्हणून एका पायात बूट ठेवूनच वाचलं. येत्या सोमवारी कार्यालयातून तपासनीस येणार आहेत. किनाऱ्यावर दुसरीकडे कुठेतरी दरड कोसळली, त्यामुळे आता समुद्राकाठच्या सगळ्याच टेकड्या तपासायच्या आहेत. आमची कड्याची वाट सुरू ठेवायची की बंद करायची, ते हे साहेब ठरवणार. आजवरची मोजमापं तयार ठेवा, असं लिहिलंय. तयार काय ठेवायचं त्यात? वही कपाटात आहे आणि कपाट कुठे पळून जात नाही.

लेकीने पत्र माझ्या हातातून घेऊन दोनदा वाचलं. तिचं सगळं या वाटेवर अडकलंय. शहरातली नोकरी सुटली म्हणून ती चार महिन्यांपूर्वी इथे आली. तिची बॅग पलंगाखाली अजून अर्धी भरलेलीच आहे. कड्याची वाट सुरू राहिली तर लोकांना टेकडी दाखवायला कायमचा वाटाड्या नेमायचं कार्यालयाच्या मनात आहे आणि तिचा अर्ज सगळ्यांत वर आहे. ती वाट बंद झाली तर उरलेल्या दोन वाटांना वाटाड्या कशाला हवाय? तिथे माणूस पाट्या वाचत जातो आणि पाट्या वाचत घरी येतो. तिने मला स्पष्टच सांगितलंय, "आई, इथे काम मिळालं तर राहीन. नुसतं तुझ्या तोंडाकडे बघत बसायला नाही राहणार." बरोबर आहे तिचं. माझ्या तोंडाकडे बघण्यासारखं काही उरलेलंही नाही.

ती राहावी असं मला वाटतं. हे इथे लिहून ठेवते, कारण तिच्यासमोर म्हणायची माझी हिंमत नाही.

५ मार्च, गुरुवार

आज मोजलं. चौऱ्याऐंशी.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मोजायचं, हा बाबांचा नेम. माझ्या आधी टेकडी तेच राखायचे. टेकडीच्या माथ्यावर जुन्या लोकांनी बांधलेला दगडी तट आहे, गोल, कमरेएवढा उरलेला. तीन हजार वर्षांचा आहे म्हणतात. कोणी बांधला, कशासाठी, कोणाला ठाऊक नाही. येणारे लोक मात्र मलाच विचारतात, जणू मी तेव्हा हजर होते. तटाला दोन दारं आहेत. दारं म्हणजे दोन-दोन उभे दगड आणि मधली मोकळी जागा. एक दार जमिनीकडे, दुसरं समुद्राकडे. समुद्राच्या दारातून निघायचं आणि सरळ कड्याच्या टोकापर्यंत पावलं मोजायची. कडा दर वर्षी थोडा थोडा ढासळतो, म्हणून आकडा कमी होत जातो. मी राखण घेतली त्या वर्षी एकशे दहा होता. मग एकशे नऊ, एकशे आठ, कधी एकदम दोनने कमी. नऊ वर्षांपूर्वी चौऱ्याऐंशीवर आला आणि तिथेच थांबला. एखाद्या वर्षी त्र्याऐंशी, एकदा तर पंच्याऐंशी. वाऱ्यात एखादं पाऊल इकडेतिकडे होतंच.

कार्यालयाने एकदा मोजायची फीत पाठवली होती. वाऱ्याने तिचा पतंग केला. ती अजून कड्याखाली कुठेतरी असेल.

बाक पुन्हा कोणीतरी पुढे सरकवलाय. कड्यापाशी बसायला लाकडी बाक आहे. लेक झाली त्या वर्षी मीच आणवून ठेवला होता, टोकापासून चांगला बारा पावलं मागे. लोकांना फोटोत समुद्र जास्त यायला हवा असतो, म्हणून ढकलतात मेले पुढे. आज पुढच्या पायांपासून कडा जेमतेम तीन पावलांवर. मी एकटीने दोन हात मागे ओढला आणि त्यानंतर अर्धा तास त्याच बाकावर बसून राहिले.

६ मार्च, शुक्रवार

दिवसभर पडून होते. खुब्यात कोणीतरी स्क्रू पिळतंय असं वाटतं. डॉक्टरांनी खुबा बदलून घ्या म्हटलं, त्यालाही आता नऊ वर्षं झाली. तेव्हा म्हटलं, हा हंगाम जाऊ दे. मग पुढचा. लेकीने सूप केलं. मीठ घालायला विसरली, तरी मी सगळं संपवलं.

९ मार्च, सोमवार

साहेब आले ते धुकं घेऊनच. सकाळपासून दारातली बादली दिसत नव्हती, टेकडी तर लांबच राहिली. माणूस तरुण, नीटनेटका, बूट इतके स्वच्छ की मला माझे लपवावेसे वाटले. आल्या आल्या विचारलं, "वर जायला किती वेळ लागतो?"

"कोणाला? मला की तुम्हाला?"

हसले बिचारे. बाबा पाऊण तासात चढायचे. मला हल्ली दीड तास लागतो, मधल्या वाटेवर दगड फार सुटलेत. साहेबांनी खिडकीतून धुक्याकडे पाहिलं, घड्याळ पाहिलं. संध्याकाळच्या आत आणखी दोन टेकड्या गाठायच्या होत्या त्यांना. म्हणाले, "वही दाखवा. वहीवरूनच करू."

टेबलावर वही उघडली. लेकीने चहा ठेवला आणि दाराला टेकून उभी राहिली, हाताची घडी घालून. साहेब बोट फिरवत खाली खाली आले आणि थांबले.

"नऊ वर्षं चौऱ्याऐंशी? म्हणजे झीज थांबली?"

"दिसतंय तसंच."

"आणि हे पंच्याऐंशी? त्या वर्षी कडा वाढला का?"

"वारा होता."

"मोजता कशाने?"

"पावलांनी. माझ्या वडिलांपासून असंच."

त्यांनी पेन क्षणभर वर धरलं. मग फॉर्मवर लिहिलं, "प्रत्यक्ष मोजणी". खाली लिहिलं, "स्थिर". लिहिताना त्यांचाही जीव भांड्यात पडल्यासारखा वाटला. धुक्यात कोणालाच वर जायला लागलं नाही. जाताना म्हणाले, "असं टापटीप काम हल्ली कुठे बघायला मिळत नाही, बाई."

लेकीने त्यांची गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवला. मलाही आनंद व्हायला हवा होता आणि झालाही. पण त्यांनी "स्थिर" लिहिलं तेव्हा काहीतरी बोलावं असं मनात आलं होतं. काय बोलायचं होतं ते आत्ताही आठवत नाही.

१४ मार्च, शनिवार

पायथ्याच्या चहावालीकडे गेले होते. आम्ही दोघी एका वयाच्या. एकमेकींना टोमणे मारले नाहीत तर चहाला चव लागत नाही. लेक पुढे निघून गेली, मी मागून पोचले. ही काऊंटरमागून बघत होती. म्हणाली, "तुझी लेक एक पाऊल टाकते तेवढ्यात तू दोन टाकतेस की गं. घाई कसली एवढी?"

मी म्हटलं, "या वयात घाई नाही करायची तर कधी?"

ती हसली नाही. "बदकासारखी चालतेस," म्हणाली, "डॉक्टरकडे कधी जाणार आहेस?"

चहा अर्धा टाकून आले. हिला कोणी विचारलं होतं? एका जागी उभं राहून चहा गाळणारीने मला चालणं शिकवायचं! तेहतीस वर्षं मी चालते आहे. माझ्याइतकी पावलं या किनाऱ्यावर कोणी टाकली नसतील.

१८ मार्च, बुधवार

वारा आणि पाऊस, कालपासून. दार उघडलं नाही. समुद्र एवढा आपटतोय की भिंतीला लावलेलं कपाट वाजतंय. लेक खिडकीत बसून टेकडीबद्दल काय काय सांगायचं ते पाठ करते आहे.

२० मार्च, शुक्रवार

मंजुरी आली! कड्याची वाट सुरू राहणार. बाकाच्या जागी पुढच्या वर्षी लोखंडी सज्जा बांधणार, एका वेळी तीस माणसं उभी राहतील असा. आणि लेकीची नेमणूक पक्की. २८ तारखेला तिचा पहिला गट, निवृत्त लोकांचं एक चालणाऱ्यांचं मंडळ, बावीस माणसं.

तिने मला उचललंच जवळजवळ. मग बॅग पलंगाखालून ओढून काढली, त्यातले उरलेले कपडे कपाटात लावले आणि रिकामी बॅग माळ्यावर टाकली. मी पलंगावर बसून बघत होते. एवढं सुख झालं की खुबाही दुखायचा राहिला. म्हणजे दुखत होता, पण मी कानाडोळा केला.

२३ मार्च, सोमवार

बाक पुन्हा पुढे! या वेळी पुढचे पाय कड्यापासून दीड पावलावर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वादळात कोण चढलं असेल एवढ्यासाठी? लेकीला घेऊन गेले होते. दोघींनी मिळून मागे ओढला. ती गवताकडे बघत राहिली.

"आई, आपण ओढला तिथे गवत किती चिरडलं बघ."

"मग?"

"त्याच्या पुढे काहीच खूण नाहीये. कोणी मागून पुढे ओढला असता तर दिसलं असतं ना?"

"उचलून नेला असेल."

"हा बाक? उचलून?"

"चौघांनी मिळून."

ती पुढे काही बोलली नाही. मग तिनेच म्हटलं, चल, उशीर होतोय. खाली येऊन मी पाटी रंगवली, "बाक हलवू नये". अक्षरं वाकडी आली. उद्या ती लावेल.

२६ मार्च, गुरुवार

आता लेकच टेकडी दाखवणार म्हणून मी तिला वही दिली. म्हटलं, वाच, उपयोगी पडेल. बाबांची पानं ती पहिल्यांदाच बघत होती. बाबांचं अक्षर ताठ, एकेक आकडा शिपायासारखा उभा. जेवताना विचारलं तिने.

"आजोबा दर वर्षी दोन आकडे का लिहायचे?"

"पहिला दारापासून कड्यापर्यंत."

"आणि दुसरा?"

"या दारापासून त्या दारापर्यंत. तटाच्या आतून, सरळ."

"पण ते दगड तर जागचे हलत नाहीत."

"नाहीतच हलत. म्हणून तर मी लिहायचं सोडलं. पहिली दोन वर्षं त्यांच्या धाकाने लिहिलं. दोन्ही वेळा दोनशे सत्तर. मग म्हटलं, पुरे झाला हा खुळेपणा."

तिने पानं उलटली. "आजोबांचे दोनशे चाळीस. सगळी वर्षं दोनशे चाळीस. आणि शेवटी बघ, दोनशे त्रेचाळीस, दोनशे सत्तेचाळीस, दोनशे बावन्न, दोनशे एकसष्ट. आणि मग त्यांचं अक्षरच नाही."

"मग मी आले."

"पण वाढले कसे?"

"म्हातारपण, दुसरं काय! मोजताना घोटाळा व्हायचा. शेवटी शेवटी बाबा गप्प गप्प असायचे. मी शहरात धडपणे शिकत होते, तर एक दिवस पत्र पाठवलं, 'आता तू ये. मला जमत नाही.' एवढंच. काय जमत नाही ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. दिसायला धडधाकट होते. मला वाटायचं, कंटाळले आणि माझ्या गळ्यात बांधून मोकळे झाले."

हे मी तिला पहिल्यांदाच सांगितलं. ताटं तिने उचलली.

२८ मार्च, शनिवार

आजच लिहायला हवं.

लेक बावीस जणांना घेऊन नऊला निघाली. मी तिच्या आधी निघाले असते तरी मागेच राहिले असते, म्हणून सावकाश मधल्या वाटेने गेले. वर पोचले तेव्हा ते सगळे जमिनीच्या दारातून आत जाऊन समुद्राच्या दाराबाहेर पडले होते. तिचा आवाज वाऱ्यावर येत होता, खणखणीत. लोक हसत होते. मला फार बरं वाटलं. मलाही त्याच दिशेला जायचं होतं, आणि ते दोनशे सत्तर डोक्यात भुणभुणत होतंच, म्हणून जाता जाता मोजायला लागले. केवळ चाळा म्हणून.

दोनशे सत्तर झाले तेव्हा समुद्राचं दार लांब होतं.

वाटलं, चुकले. तरी मोजत राहिले. तीनशे. तीनशे वीस. दाराच्या दगडाला हात लागला तेव्हा तीनशे एकतीस.

मी दगडाला टेकून उभी राहिले. दगड तेच. जागा तीच. दोनशे सत्तर पावलांच्या अंतराला मला तीनशे एकतीस लागली. मधली एकसष्ट कुठून आली? आणि मग मला बाबांचे शेवटचे आकडे दिसले. दोनशे त्रेचाळीस, दोनशे सत्तेचाळीस, दोनशे बावन्न. बाबांचा घोटाळा होत नव्हता. त्यांचं पाऊल आखूड होत होतं आणि त्यांना ते कळावं म्हणूनच ते दर वर्षी न हलणारे दगड मोजत होते. दुसरा आकडा टेकडीचा नव्हताच. तो त्यांचा स्वतःचा होता.

माझं पाऊल नऊ वर्षं आखडत गेलं आणि कडा नऊ वर्षं जवळ येत गेला. दोघांची बरोबरी झाली आणि मी वहीत चौऱ्याऐंशी लिहीत राहिले. खरी असतील अडुसष्ट, एकोणसत्तर. बाक कोणी हलवला नव्हता.

बाकावर चौघं बसले होते. पुढे उभं राहून एक जण फोटो काढत होता आणि बाकीचे पाळीची वाट बघत होते. लेक बाजूला, कड्याकडे पाठ करून, काहीतरी समजावून सांगत होती.

मला पळता येत नाही. हे आज कळलं असं नाही, पण आज जसं कळलं तसं कधी कळलं नव्हतं. पायांना किती शिव्या दिल्या ते लिहीत नाही. राखणदाराची शिट्टी गळ्यात असते. तीन लांब वाजवल्या तर जिथे असाल तिथून मागे फिरायचं, हे लेकीला लहानपणापासून माहीत आहे. पहिल्या शिट्टीला ओठ कोरडे, नुसती हवा गेली. मग वाजली. तीन. पुन्हा तीन.

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर आधी राग आला. मग मी कसा हात हलवत होते ते तिला दिसलं असणार. तिने एकही प्रश्न न विचारता सगळ्यांना उठवलं आणि दारापर्यंत मागे आणलं.

काही पडलं नाही. कोणाला खरचटलंही नाही. म्हणूनच सगळे चिडले. फोटोवाले गृहस्थ म्हणाले, "तीन महिन्यांपासून ठरवून आलोय आम्ही. झालंय काय नक्की?"

मी म्हटलं, "मी चुकीचं मोजलं. कडा आत आलाय. मी नऊ वर्षं चुकीचं मोजलं."

बावीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. लेकही.

तिने त्यांना मधल्या वाटेने खाली पाठवलं आणि स्वतः वळणावर गेली. त्या वळणावरून कड्याचा खालचा भाग बाजूने दिसतो. उतार तीव्र आहे म्हणून मी तिथे कित्येक वर्षं गेलेली नाही. ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिचे गुडघे मातीने माखले होते.

"आई, बाकाखाली काही नाहीये," ती म्हणाली. "वर हातभर माती आणि गवत. त्याच्याखाली नुसती हवा."

२९ मार्च, रविवार

कार्यालयाला पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं. शेवटी एवढंच ठेवलं: नऊ वर्षांची माझी मोजमापं चुकीची आहेत, कडा थांबलेला नाही, वाट आजपासून मी स्वतःच्या अधिकारात बंद केली आहे, सज्जा बांधू नये, आणि मला या कामातून मोकळं करावं, मला जमत नाही. "मला जमत नाही" लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. बाबांनी नेमके हेच शब्द लिहिले होते. मी त्यांचं पत्र तेव्हा मैत्रिणींना दाखवून हसले होते.

लेकीने पत्र वाचलं.

"साहेबांनी वर येऊन बघायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो. पण आकडा माझा होता."

"गवताचं मी सांगितलं होतं तुला."

"सांगितलं होतंस."

"मग मी गप्प का बसले?" हे ती मला विचारत नव्हती. थोड्या वेळाने म्हणाली, "हे पाठवलंस की माझं काम गेलं. कळतंय ना?"

"कळतंय."

मला वाटलं, थांब म्हणेल. एक दिवस तरी थांब म्हणेल. खरं सांगायचं तर तिने म्हणावं असंही वाटलं, म्हणजे दोष दोघींत वाटला गेला असता. तिने पाकीट घेतलं, चाटून बंद केलं आणि कोट चढवला. टपालपेटीत तिनेच टाकलं. मी खिडकीतून बघितलं.

६ एप्रिल, सोमवार

उत्तर आलं. वाट कायमची बंद. नेमणूक रद्द. राखणदाराची जागा आता भरणार नाहीत. पंधरवड्यातून एकदा गाडी येऊन टेकडी बघून जाईल. माझ्या प्रदीर्घ सेवेबद्दल आभार. मोजणीबद्दल चकार शब्द नाही. त्यांनाही तो विषय नकोसा असणार.

खुब्याची तारीख मे महिन्यातली मिळाली. चहावाली माझ्याबरोबर येऊन अर्ज भरून गेली आणि एकदाही "मी म्हटलं होतं" म्हणाली नाही. तिचा एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता.

लेकीला शहरात काम मिळालं, कुठल्यातरी गोदामात नोंदी ठेवायचं. शनिवारी जाणार. बॅग माळ्यावरून मीच काढून दिली असती, पण शिडीवर चढणं आता माझं काम नाही.

१० एप्रिल, शुक्रवार

सकाळी ती म्हणाली, "चल वर. एकदा मोजू दे."

दोन तास लागले मला. तिने एकदाही पुढे जाऊन वाट बघितली नाही. माझ्या बरोबरीने चालली, हे तिला किती अवघड गेलं असेल ते मला ठाऊक आहे. समुद्राच्या दाराबाहेर कार्यालयाने दोर लावलाय, त्याच्या पलीकडे जायचं नव्हतंच. बाक अजून तिथेच आहे. आणायला कोणी जायचं नाही, अशी सक्त ताकीद आहे. एखाद्या दिवशी तो आपला आपण जाईल.

मी जमिनीच्या दारापाशी बसले. ती निघाली, हात सैल सोडून, मान ताठ. माझ्या बाबांची चाल. आयुष्यभर ही पोर माझ्यासमोर चालली आणि मला आज दिसलं. समुद्राच्या दारातून तिने ओरडून सांगितलं, "दोनशे एक्केचाळीस!"

वहीत लिहिलं. बाबांचे दोनशे चाळीस, माझे दोनशे सत्तर, तिचे दोनशे एक्केचाळीस. त्याखाली माझे आताचे तीनशे एकतीसही लिहिले. बाबा दोनशे एकसष्टवर थांबले होते. मी तीनशे एकतीसपर्यंत चालत राहिले. त्यांना एकदा तरी विचारायला हवं होतं, की बाबा, हा दुसरा आकडा कशाला? पण मला सगळं येत होतं तेव्हा.

वही तिला दिली. म्हणाली, पुढच्या मार्चमध्ये येईन, दोन्ही लिहायला.

११ एप्रिल, शनिवार

ती गेली. सकाळच्या बसने. थांब्यापर्यंत येऊ नकोस म्हणाली, म्हणून खिडकीत बसले.

आमच्या दारापासून थांब्यापर्यंत मला एकशे बारा पावलं लागतात. हे आता मी मोजून ठेवलंय. तिच्या चालीने बसवलं तर तिची ब्याऐंशी व्हायला हवीत. दुसरं करायला काही नव्हतं, म्हणून ती निघाल्यावर मोजायला लागले. ब्याऐंशी झाली तेव्हा ती थांब्याच्या बरीच अलीकडे होती. मी मोजत राहिले. नव्वद. शंभर. थांब्याच्या खांबाला तिचा हात लागला तेव्हा एकशे चार.

बॅग जड असेल, असं आधी लिहिलं. मग खोडलं. बॅग मीच भरली होती. हलकी होती.